वाळूवरचा नाच

श्रोतेहो, नाच म्हटला की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पडदा येतो, बत्त्या येतात. आपल्या झाडीपट्टीत तसे नाही. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, गोवारी मंडळी ढालीपुढे नाचतात, दंडार उभी राहते. खाली माती, वर आभाळ, सभोवती गाव. आज मला अशाच एका उघड्यावरच्या नाचाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. तो नाच मात्र झाला फार दूर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर.

जर्मनीतल्या वुपरटाल गावी पिना बाउश नावाची थोर नृत्यकार होऊन गेली. २००९ साली ती वारली. आधुनिक नृत्यात तिचे नाव फार मोठे. १९७५ साली तिने ‘वसंताचा विधी’ हा नाच बसवला. संगीत स्त्राविन्स्कीचे, १९१३ सालचे. कथा एवढीच की, धरतीला बळी द्यायला एक जमात आपल्यातल्याच एका मुलीची निवड करते आणि ती मुलगी मरेपर्यंत नाचते. बाईंनी काय केलं, तर रंगमंचावर दलदलीतली काळी माती आणून पसरली. का बरे? फळीवर पाय सहज सरकतो. मातीत तो रुततो, उचलायला जोर लागतो, अंगाला माती चिकटते, दम भरतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरलेल्या आयाबायांना हे मी काय समजावून सांगावे!

पुढे हाच नाच आफ्रिकेतल्या कलावंतांनी करावा असे ठरले. सेनेगल देशात तुबाब दियालाव नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे जर्मेन अकोनी या बाईंनी नृत्याची शाळा काढली आहे. शाळेचे नावच ‘वाळूची शाळा’. १४ देशांतले ३८ नर्तक तिथे जमले, तालमी झाल्या, डाकार शहरातला पहिला प्रयोग जवळ आला, आणि मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. प्रयोग रद्द. ज्याने त्याने आपापल्या घरी परतायचे. इतक्या दिवसांची मेहनत अशीच वाया जाणार?

तेव्हा ही मंडळी जाण्याआधी समुद्रकाठी गेली. दिवस मावळत होता. भिंत नाही, पडदा नाही. तिथे वाळूवर त्यांनी शेवटची तालीम केली आणि कॅमेऱ्याने ती टिपली. त्याच वर्षी तो चित्रपट जगाने घरबसल्या पाहिला. रंगमंचावर माती आणावी लागली होती. इथे नाचच मातीकडे गेला. खरा प्रयोग मागाहून झाला, पण ती संध्याकाळ राहिली ती त्या चित्रणामुळे.

हे सारे मी कारध्यात बसून का सांगतो? आमच्या लहानपणी उन्हाळ्यात वैनगंगेचे पात्र वाळूने भरलेले असे. डांगरवाड्या लागत. चांदण्या रात्री पोरं त्याच वाळूत दंडारीची तालीम करीत. बाईचे सोंग घेणारा पोरगा पदर सावरता सावरता वाळूत पडे आणि आम्ही पोट धरून हसत असू. १९८८ साली गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले, पुढे धरण झाले, आणि त्याचे फुगवट्याचे पाणी आता इथवर येऊन थांबते. शेताला पाणी हवेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती वाळू गेली, शिकवणारे म्हातारेही एकेक करून गेले, आणि त्या तालमीचे एकही चित्र कुणाजवळ नाही. माझ्याजवळही नाही. दंडार काय, दरवर्षीचीच, असे म्हणून आम्ही बसून राहिलो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आज तुमच्या हातात मोबाइल आहे. गावात दंडार असेल तर ती शाळेच्या सभागृहात आणू नका, जिथे होते तिथेच टिपा. नुसते चेहरे घेऊ नका; पाय आणि पायाखालची जमीन दिसली पाहिजे, कारण निम्मा नाच तिथेच असतो. गाणे मध्येच तोडू नका. शेवटी गावाचे नाव, तारीख आणि शिकवणाऱ्याचे नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. आणि हे काम पोरांकडून करवा. म्हाताऱ्या आजोबांपुढे नातू कॅमेरा धरून बसला की आजोबा दोन पावले जास्तच दाखवतात!

त्या नर्तकांना ठाऊक होते की उद्या आपण इथे नसू, म्हणून ते त्या संध्याकाळी नाचले. आपल्याला वाटते, उद्या आहेच. यंदाच्या मंडईला तेवढे वाटू देऊ नका.