पगार सरकारचा, वकिली मजुरांची

मुंबई, एप्रिल 1934. पगारकपातीने गांजलेल्या गिरणी कामगारांनी सार्वत्रिक संप पुकारला. सरकारने पुढाऱ्यांची धरपकड केली.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंटे समेटाने मिटवण्याचा कायदा केला आणि त्यात सरकारी ‘लेबर ऑफिसर’ नेमायची तरतूद ठेवली. या अधिकाऱ्याने मजुरांची गाऱ्हाणी ऐकायची, ती गिरणीच्या मॅनेजरपुढे मांडायची. कामगारांनी प्रतिनिधी निवडले नाहीत, तर समेटाच्या बैठकीत त्यांच्या वतीने स्वतःच बसायचं. या जागेवर आला एक आयसीएस अधिकारी! लाल बावट्याच्या कम्युनिस्ट युनियनवाल्यांना संशय आला, आणि तो उगीच नव्हता: सरकारी माणूसच प्रतिनिधी झाला, तर युनियन कशाला?

गिरणीमालक संघानेही मग आपला वेगळा लेबर ऑफिसर नेमला.