मागे लागणारा माणूस : धोका कसा ओळखावा
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मी मानसशास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला रुळांचा माणूस. पण आपल्या मुली मेट्रोने एकट्या जातात-येतात, म्हणून हा विषय घेतला.

दिल्लीतल्या जुन्या मंडळींना प्रियदर्शिनी मट्टू हे नाव आठवत असेल. कायद्याची विद्यार्थिनी. विद्यापीठातलाच एक मुलगा तिच्या मागे लागला. १९९५ मध्ये तिने पोलिसांत अनेकदा तक्रार केली. त्याने 'पुन्हा त्रास देणार नाही' असे लिहून दिले. तिला पोलीस संरक्षण मिळाले. मग त्याने विद्यापीठाकडे तिचीच तक्रार केली, की ही एका वेळी दोन पदव्या घेते. २३ जानेवारी १९९६ रोजी वसंत कुंजमधल्या घरात तिचा खून झाला. १९९९ मध्ये तो सुटला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवून फाशी सुनावली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली.

मला ती उलट तक्रार महत्त्वाची वाटते. तोवर 'प्रेम' म्हणून चाललेल्या प्रकाराचे तिथे वैर झाले होते. रुळातला दोष आम्ही नुसता किती मोठा ते पाहत नाही, मागच्या तपासणीनंतर वाढला का ते पाहतो. इथेही तसेच. आधी फोन, मग कॉलेजचे फाटक, मग घराचा जिना. लेखी कबुली मोडली का? 'माझी नाही तर कुणाचीच नाही', 'जगून काय करू' अशी भाषा सुरू झाली का? बहुतेक जण हल्ल्यापर्यंत जात नाहीत, पण ही लक्षणे दिसली की थांबू नये. शिक्षण आणि घराणे पाहून निर्धास्त होऊ नका. त्या मुलाचे वडील वरिष्ठ पोलीस अधिकारी होते.

ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ पॉल मलेन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा माणसांचे पाच प्रकार मांडले. कुणाला ती आपल्यावर प्रेम करते असा भ्रम असतो, कुणाला नीट बोलताच येत नाही, कुणी डूख धरतो, कुणी हल्ल्यासाठी पाळत ठेवतो. पाचवा झिडकारलेला : पूर्वीचा नवरा, मोडलेल्या लग्नातला मुलगा, जुना मित्र. मारहाणीचा धोका याच्याकडून जास्त. आपण मात्र अनोळखी गुंडाला भितो.

आणि आपली मराठी सवय : 'बसून मिटवू', 'एकदा शेवटचे समजावून सांग'. हे करू नका. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनरने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवले. दहा दिवस गप्प राहून अकराव्या दिवशी शिवी दिली, तरी त्याला उत्तर मिळालेच. एकदाच स्पष्ट नकार, नंतर पूर्ण मौन. संदेश मात्र पुसू नका. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा.

हा गुन्हा २०१३ मध्ये कायद्यात आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पण जामीनपात्र. म्हणजे तक्रार केल्यावर तो संध्याकाळी घरी आलेला असू शकतो. त्या रात्री मुलगी कुठे राहील, सकाळी तिच्याबरोबर कोण जाईल, हे तक्रारीला निघण्याआधी ठरवा. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, गाडीत १३९.

मुलग्यांच्या आई-वडिलांनी हे दुसऱ्याच्या घरचे समजू नये. आपला मुलगा कुणाच्या फाटकाशी उभा राहतो, तेही विचारा.

कुणाला घरचे काही बोलायचे असेल तर आरतीनंतर मी आणि माझी पत्नी मंडपामागच्या खोलीत थांबणार आहोत. सर्वांसमोर प्रश्न विचारायची गरज नाही.