नागरिकत्वाच्या प्रकरणातील पहिले लेखी म्हणणे

(वकील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

प्रथेप्रमाणे विषयाचा आढावा घेणे हे या भाषणाचे पहिले कर्तव्य ठरते.

परकीयांचा भारतातील प्रवेश, वास्तव्य आणि परतपाठवणी यांचे नियमन करणारे १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या सालांचे चार कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी आलेला ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. नागरिकत्व कायद्यातील आसामपुरते असलेले कलम ६-अ सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातील एका जामीन अर्जावर निर्णय देताना, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असणे एवढ्यावरून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. परिषदेच्या पुढील सत्रांत या तिन्हींवर जाणकार बोलणारच असल्याने आढावा येथेच थांबवून, अनेक वर्षे कोणत्याही परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर न आलेला एक प्रश्न मांडणे अधिक अगत्याचे आहे.

तो प्रश्न असा की, नागरिकत्वाच्या प्रकरणांत अडकलेली माणसे घटनात्मक युक्तिवादाच्या अभावी हरत नाहीत, ती आपल्या वकिलाने दाखल केलेल्या पहिल्या लेखी म्हणण्यात हरतात, आणि ते म्हणणे कसे लिहावे हे या देशात वकिलाला कोणीही शिकवत नाही.

नेहमीच्या फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो; परकीयत्वाच्या प्रश्नात मात्र १९४६ च्या कायद्याच्या कलम ९ ने हा भार संबंधित व्यक्तीवर टाकला होता आणि नव्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला आहे. आसामातील परकीय न्यायाधिकरणे १९६४ च्या ज्या आदेशाखाली वर्षानुवर्षे चालली, त्यात उत्तर देण्यास दहा दिवस आणि पुरावा आणण्यास आणखी दहा दिवस अशी मुदत होती. त्या पहिल्या दहा दिवसांत आजोबांचे नाव, जुने गाव, दुसऱ्या मतदारसंघात झालेले स्थलांतर किंवा मोठ्या भावाचे अस्तित्व लिहायचे राहिले, तर पुढे त्याविषयी खरा कागद आणला तरी तो पश्चातबुद्धी म्हणून बाजूला पडतो, कारण जे म्हणण्यातच नाही त्याचा पुरावा देता येत नाही, हे तत्त्व तेथे कठोरपणे लावले गेले आहे. मोहम्मद रहीम अली विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात नावांच्या वर्णलेखनातील किरकोळ तफावतीवरून कोणाला परकीय ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले, ही समाधानाची बाब आहे. परंतु न्यायाधिकरणाचा एकतर्फी आदेश २०१२ चा होता, आणि मधल्या बारा वर्षांची भरपाई कोणत्याही निकालपत्रात नसते.

लेखी म्हणणे लिहिण्याआधी वकिलाला नागरिकत्व कायद्याचे कलम ३ तोंडपाठ हवे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक असते. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्या व्यक्तीचे आई किंवा वडील यांपैकी एक जण जन्मसमयी नागरिक असावा लागतो. आणि त्यानंतर जन्मलेल्याच्या बाबतीत दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरा अवैध स्थलांतरित नसलेला असावा लागतो. म्हणजेच पक्षकाराचा जन्म १९९२ चा असेल तर त्याचा स्वतःचा जन्मदाखला हा केवळ अर्धा पुरावा असून खरा शोध त्याच्या आईवडिलांच्या कागदांचा असतो. जो वकील अशा पक्षकाराच्या आधारकार्डाची साक्षांकित प्रत जोडून मोकळा होतो, त्याने काम सुरूच केलेले नसते, आणि अशी म्हणणी न्यायालयांत रोज दाखल होत आहेत, हे दुःखाने नोंदवावे लागते.

या व्यवसायात प्रशिक्षण कसे असावे याबद्दल सहकाऱ्यांत दोन तट आहेत. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक वकिलांना दर दोन वर्षांनी २४ तासांचे सक्तीचे शिक्षण घ्यावे लागते, आणि इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्यापासून पात्रता नसताना स्थलांतरविषयक सल्ला देणे हा गुन्हा आहे, याकडे बोट दाखवून एक तट येथेही तासांची सक्ती मागतो. सनद हीच पुरेशी पात्रता असून बाकीचे अनुभव शिकवतो, असे दुसरा तट म्हणतो. प्रस्तुत वक्त्याच्या दीर्घ वकिलीतील एका प्रकरणाने या वादाचा निकाल त्याच्यापुरता केव्हाच लावला आहे. बांधकामावरील एका मजुराच्या जामीन अर्जात आधीच्या वकिलांनी, जे चांगले अनुभवी होते आणि व्याख्यानांनाही नियमित हजर असत, पाच ओळखपत्रे जोडली होती, पण वडिलांविषयी एक ओळही लिहिली नव्हती. प्रकरण दुसऱ्या कार्यालयात आल्यावर तेथील एका तरुण ज्युनिअर वकील भगिनीने पक्षकाराला पहिलाच प्रश्न विचारला तो असा की, वडील कोणत्या शाळेत होते आणि त्या शाळेचे जनरल रजिस्टर आज कोणाकडे आहे. तेथून वडिलांच्या शाळेचा उतारा, जुनी मतदार यादी आणि दोन्हींतील नावाच्या फरकाचा खुलासा करणारी वंशावळ उभी राहिली. या विषयावरील एकही व्याख्यान तिने ऐकलेले नव्हते. तिने तीन वर्षे जात पडताळणी समितीपुढील कामे केली होती.

महाराष्ट्राच्या वकीलवर्गाने आपल्या हातातील ही विद्या ओळखलेली नाही, हीच या भाषणाची तक्रार आहे. जात पडताळणीविषयीच्या माधुरी पाटील प्रकरणातील १९९४ च्या निर्णयानंतर आणि जातप्रमाणपत्रांविषयीच्या २००० च्या राज्य कायद्यानंतर येथील शेकडो वकील नेमके हेच करत आले आहेत: त्या कायद्याच्या कलम ८ नुसार सिद्धतेचा भार अर्जदारावर असतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे शोधावे लागतात, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते, आणि दक्षता पथकाच्या अहवालाला मुदतीत उत्तर लिहावे लागते. धुळे-नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या तालुक्यांत मोडी नोंदी वाचवून घेणारे, कोतवाल बुकाची नक्कल मिळवणारे आणि मुख्याध्यापकाला रजिस्टरासह साक्षीला आणणारे वकील आहेत. मुंबई-ठाण्यातील नागरिकत्वाच्या कामात त्यांना कोणी बोलावत नाही, आणि ‘इमिग्रेशन’ हे नाव ऐकून तेही हा विषय व्हिसा व परदेशवाऱ्यांचा समजून दूर राहतात.

फौजदारी वकिलांनाही येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाळीसहून अधिक वर्षे अमेरिकेत कायदेशीरपणे राहिलेल्या आणि व्हिएतनाम युद्धात लढलेल्या पडिला नावाच्या होंडुरासच्या नागरिकाला, इतक्या वास्तव्यानंतर हद्दपारीची चिंता नको, असा सल्ला त्याच्या वकिलाने दिला. त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी समोर उभी राहिली. असा सल्ला घटनेने हमी दिलेल्या वकिलीच्या दर्जाला उतरत नाही, असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. पुण्यात शिकणारा परदेशी विद्यार्थी किरकोळ गुन्ह्यात कबुली देतो तेव्हा तिचा त्याच्या व्हिसावर काय परिणाम होईल, हे त्याला आधी सांगणे हेही वकिलाचेच काम आहे.

परिषदेने पुढे काय करावे, याची रूपरेषा कार्यकारिणी ठरवील. नमुनादाखल लेखी म्हणण्यांचा एक मराठी संग्रह व्हावा, बंगाली जाणणाऱ्या विश्वासू दुभाष्यांची यादी तयार व्हावी आणि नव्या वकिलांनी काही महिने पडताळणी समितीपुढील कामात ज्येष्ठांच्या हाताखाली काढावेत, एवढेच येथे सुचवता येते. प्रत्येक जिल्हा वकील संघाने आपल्याकडे जात पडताळणीची कामे करणाऱ्या वकिलांची नावे या परिषदेकडे पाठवावीत, आणि त्या वकिलांनी अटकेतील माणसाचे पहिले लेखी म्हणणे लिहिण्यासाठी वेळ द्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे.