मोबाइलच्या पडद्यावरील टोळी आणि तरुण मन



पवनाकाठचे पिंपळे सौदागर हे एके काळी शेतीवर जगणारे गाव. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. पुढे हिंजवडीस माहिती तंत्रज्ञानाचे आणि चाकण परिसरात मोटारींचे मोठे उद्योग आले. गावाच्या शिवारात उंच गृहसंकुले उभी राहिली आणि राज्याच्या व देशाच्या अनेक भागांतून कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. जुन्या गावात मुलावर आळीतील थोरल्यांचे, तालमीतील वस्तादाचे आणि शाळेतील गुरुजींचे लक्ष असे. नव्या वसाहतीत शेजारी एकमेकांस नावानेही ओळखत नाहीत आणि आई-वडील पाळ्यांच्या नोकरीत गुंतलेले असतात. मुलाची विचारपूस करणारे माणूस जेथे उरले नाही, ती जागा मोबाइलने घेतली आहे.

अवजाराचे हत्यार कसे झाले

कोयता हे ऊसतोडणी कामगाराचे पोटापाण्याचे अवजार. गेल्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात ते दहशतीचे चिन्ह बनले. हाती कोयता घेऊन काढलेल्या चित्रफिती, एखाद्या 'भाई'च्या वाढदिवशी तलवारीने कापलेला केक, प्रतिस्पर्धी टोळीस 'स्टेटस'मधून दिलेली धमकी, असे प्रकार वारंवार उघडकीस आले. त्यांत अल्पवयीन मुलेही आढळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी टोळ्यांच्या म्होरक्यांना आयुक्तालयात बोलावून गुन्हेगारीचे उदात्तीकरण करणाऱ्या चित्रफितींबाबत सक्त समज दिली. या मुलांपैकी अनेकांना पैशाचा लाभ नसतो. चार अनोळखी माणसांनी आपल्याला ओळखावे, एवढीच त्यांची भूक असते. ती भागविणारे कोणी घरात, वर्गात वा मैदानावर भेटले नाही, की टोळी भेटते.

एकाच वाटेची तीन टोके

ही वाट केवळ गुन्हेगारीकडे जात नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार सुशिक्षित तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि 'इसिस' या दहशतवादी संघटनेकडे वळले. त्यांतील एक नोव्हेंबर २०१४ मध्ये परतला व त्यास अटक झाली. इंटरनेटवरील प्रचाराचा या तरुणांवर पडलेला प्रभाव तपासात पुढे आला.

त्याच वर्षी जूनच्या आरंभी पुण्यात दुसऱ्या टोकाचे दर्शन घडले. छत्रपती शिवाजी महाराज आणि अन्य आदरणीय व्यक्तींची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर पसरली. २ जून २०१४ रोजी हडपसर येथे, त्या चित्रांशी कसलाही संबंध नसलेल्या एका तरुणाचा जमावाने जीव घेतला. तो माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करीत होता. जानेवारी २०२३ मध्ये या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. जमावाच्या गुन्ह्यात घाव कोणाच्या हातून पडला हे सिद्ध करणे किती दुष्कर असते, याचा हा धडा आहे.

तिसरे टोक धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली, ही गोष्ट प्रत्येक पंचायत सदस्याने लक्षात ठेवावी.

या घटनांचे धर्म, समाज आणि कारणे भिन्न आहेत. परंतु 'आम्ही' आणि 'ते' अशी विभागणी, 'ते' माणसेच नव्हेत ही शिकवण आणि विचार करण्यास उसंत न देणारी घाई ही तिन्हींत समान आहे. म्हणून हा एखाद्या समाजाचा दोष मानणे हे निदानच चुकीचे ठरेल.

मन कसे वळविले जाते

समाजमाध्यमांची यंत्रणा पाहणाऱ्यास जास्तीत जास्त वेळ गुंतवून ठेवण्यासाठी रचलेली असते. एक भडक चित्रफीत पाहिली की तशाच आणखी पुढे येतात. प्रथम विनोद आणि टोमणे असतात, नंतर अन्यायाच्या खऱ्या-खोट्या कथा येतात, पुढे खाजगी गटाचे आमंत्रण मिळते. त्या गटात नवी टोपणनावे आणि सांकेतिक शब्द असतात, 'घरी सांगू नकोस' ही अट असते. अखेरीस एखादे काम सोपविले जाते. पहिल्या पायरीवर मूल सहज मागे फिरते, शेवटच्या पायरीवरून परतणे कठीण असते.

शिक्षकांनी लक्षणे ओळखताना तारतम्य बाळगावे. धर्माचरण, राजकीय मत किंवा अडचणीचे प्रश्न ही लक्षणे नव्हेत. जुने मित्र आणि खेळ एकाएकी सुटणे, लपविलेले दुसरे खाते, हिंसेचे उघड समर्थन, एखाद्या समाजास किडा-मुंगी म्हणणारी भाषा, ही खरी लक्षणे होत.

काय करता येईल

डिसेंबर २०१५ मध्ये इंटरनेटद्वारे 'इसिस'च्या प्रभावाखाली आलेल्या पुण्यातील एका अल्पवयीन मुलीच्या बाबतीत राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने कुटुंब आणि धर्मगुरू यांच्या साहाय्याने मतपरिवर्तनाचा मार्ग अवलंबिला. मार्ग योग्यच होता. परंतु एकदा समजूत घातल्याने काम संपत नाही, हेही पुढील अनुभवाने दाखविले. अशा मुलाशी अनेक वर्षे संबंध ठेवावा लागतो आणि ते काम केवळ पोलिसांचे नव्हे.

कायदा पाठीशी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ अन्वये मुलांना सशस्त्र गटात भरती करणाऱ्यास किंवा बेकायदेशीर कृत्यांसाठी वापरणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे कायदा मुलास वापरणाऱ्याकडे बोट दाखवितो. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निर्णयात जमावहिंसा रोखण्यासाठी जिल्हावार समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावेत. ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीत हा विषय नियमितपणे घ्यावा. संकटातील मुलांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी १४४१६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येक वर्गात लावावेत.

शाळेने आठवड्यातून एक तास आलेल्या संदेशाच्या पडताळणीस द्यावा. हा कोणी पाठविला, केव्हाचा आहे, यातून कोणाचा लाभ होतो, हे तीन प्रश्न मुलांच्या अंगवळणी पडले तर अफवेचा अर्धा जोर तेथेच ओसरेल. गृहसंकुलांनी आणि ग्रामपंचायतींनी मैदान, वाचनालय व व्यायामशाळा संध्याकाळी उघड्या ठेवाव्यात आणि तेथे एक जबाबदार प्रौढ असेल असे पाहावे. मुलाने काही पाहिल्याचे सांगितले, तर प्रथम मोबाइल काढून घेऊ नये. प्रथम ऐकून घ्यावे. ज्या घरात सांगितल्याबद्दल शिक्षा होते, त्या घरातील मूल पुढच्या वेळी सांगत नाही.

रस्ते, कारखाने आणि इमारती यांच्या बरोबरीने माणसांचे शेजारपणही उभारावे लागते. आपल्या मुलाला नावाने हाक मारणारे, त्याच्या गुणांचे कौतुक करणारे आणि चुकल्यास हात धरणारे एक माणूस प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक वर्गात असेल, तर पडद्यावरील टोळीला त्याच्या मनात जागा मिळणार नाही. हे माणूस शोधून देणे शिक्षक, पंचायत आणि प्रशासन यांच्या हाती आहे.