सोबतच्या रोगाचा हिशेब

रुग्णालयात दाखल होणारा मधुमेही पुष्कळदा मधुमेहासाठी आलेला नसतोच. कोणी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी येतो, कोणी न्यूमोनियाने, कोणी पायाची चिघळलेली जखम घेऊन. मधुमेह हा त्याच्यासोबत न बोलावता आलेला पाहुणा असतो. पण त्याची बडदास्त ठेवावीच लागते. रक्तातील साखर वारंवार तपासणे, तीनुसार इन्सुलिनची मात्रा बदलणे, साखर आवाक्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया लांबविणे, सावकाश भरणारी जखम रोज धुणे, यांत परिचारिकांचे तास आणि खाटेचे दिवस खर्ची पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा हा खर्च किरकोळ म्हणता येणार नाही.

मग तो भरून कोण देतो? २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. शस्त्रक्रियांचे दर त्यात ठोक ठरविलेले असतात. अवाजवी आकारणीला त्यामुळे आळा बसतो, हे खरेच. परंतु ठोक दर शस्त्रक्रियेच्या नावाने मिळतो. सोबतच्या रोगाने वाढविलेले दिवस त्यात सहसा मोजले जात नाहीत. तो भार रुग्णालयावर पडतो.

खाजगी विम्यात भार बहुधा रुग्णाकडे सरकतो. अनेक विमापत्रांना जोडलेल्या यादीत ग्लुकोमीटर व त्याच्या पट्ट्या, इन्फ्युजन पंप आणि आहारतज्ज्ञाचे शुल्क हे उपचारखर्चातच अंतर्भूत मानले आहे. रुग्णालयाने त्यांची आकारणी निराळी केली, की विमा कंपनी ती रक्कम वगळते आणि रुग्णाला ती पदरची भरावी लागते. विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या रोगासाठी प्रतीक्षाकाळाची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२४ पासून चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. हा दिलासा खरा. पण तीन वर्षे हा काळ मधुमेह्याला थोडा नव्हे.

या तफावतीचा परिणाम केवळ हिशेबाच्या वहीपुरता राहत नाही. जो रुग्ण तोट्याचा ठरतो, त्याला लवकर घरी धाडण्याचा मोह संस्थेला होतो. आणि अर्धवट भरलेली जखम घेऊन तोच रुग्ण पुन्हा दाराशी येतो. तेव्हाचा खर्च मोठा असतो, प्रसंगी पाय गमावण्याइतका. म्हणून दर ठरविताना शस्त्रक्रियेच्या नावाबरोबर सोबतच्या रोगाचीही नोंद व्हावी आणि तीनुसार दराला एखादी वरची पायरी असावी. ही सवलत नव्हे. झालेल्या कामाचा तो चोख मोबदला होय.