बाजरीच्या ओळींत चवळी
आफ्रिकेतील नायजर देशाच्या दक्षिण भागातील बाजरीची जमीन अतिशय वाळूसर असून तीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या वनस्पती-अवशेषांतला कार्बन, अत्यल्प असल्याने पावसाबरोबर नत्र खोल झिरपून जाते. तेथील शेतकरी पहिल्या पावसावर बाजरी पेरून काही आठवड्यांनी तिच्या ओळींमध्ये चवळी टोकतात. चवळीच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र तिला उपलब्ध करून देतात. मात्र त्याच हंगामात हे नत्र बाजरीला फारसे मिळत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. मुळे व पाला कुजल्यावर पुढील पिकास ते लाभते, आणि सगळे वेल चाऱ्यासाठी नेऊन शेणखत परत आले नाही, तर जमीन उलट रितीच होते. जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी असेल तर मुळांवर गाठीही पुरेशा धरत नाहीत, म्हणून पेरताना बियांलगत चिमूटभर स्फुरदयुक्त खत घालण्याची तेथील पद्धत विशेष मोलाची आहे.