जुन्या प्रक्षेपकांतील ॲस्बेस्टॉस



आजोबांच्या काळचा सिनेमा-प्रक्षेपक माळ्यावरून उतरवावा, पुसूनपासून चालू करावा आणि नातवंडांना भिंतीवर हलतीं चित्रें दाखवावीं, ही हौस मोठी गोड आहे. परंतु अशा यंत्राचें झाकण उघडण्यापूर्वीं त्याच्या पोटांत काय असूं शकतें, हें जाणून घेतलेलें बरें. तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रारंभींची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. ती पेटली कीं विझविणें दुष्कर. कारण जळण्यास लागणारा प्राणवायु ती स्वतःच पुरविते. शिवाय चित्रगृहांतील कार्बन-आर्क दिवा अतिशय तापे. १८९७ सालीं पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारांत प्रक्षेपकाच्या दिव्यापाशीं आग लागून शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. इंग्लंडचा १९०९ चा व हिंदुस्थानचा १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा यांचें एक प्रयोजन प्रेक्षकांना अशा आगींपासून वांचविणें हें होतें. साहजिकच न जळणाऱ्या ॲस्बेस्टॉसला मान मिळाला. दिव्याच्या पेटीचें अस्तर, तारांवरील विणलेलें आवरण, बल्बाच्या बैठकीखालचा पुठ्ठा, यंत्रखोलीच्या भिंतींचे तक्ते, अशा ठिकाणीं त्याची योजना झाली. घरगुती यंत्रांतही दिव्याजवळच्या तारांवर तो आढळतो.

आगीपासून राखणारा हा रक्षक श्वासाचा मात्र वैरी आहे. त्याचे डोळ्यांस न दिसणारे तंतु फुप्फुसांत रुतून बसतात. इंग्लंडांतील रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसचें सूत कांतणारी नेली कर्शा १९२४ सालीं ऐन तेहतिशींत वारली आणि वैद्यकाचें लक्ष या रोगाकडे वेधलें. पुढें या तंतूंपासून कर्करोगही होतो, हें सिद्ध झालें. आजच्या निष्काळजीपणाचा जाब आज कोणी विचारीत नाहीं. तो बहुधा वीस-चाळीस वर्षांनीं विचारला जातो.

मग करावें काय? पांढरट, सुताळ, भुसभुशीत आवरण दिसलें कीं संशय घ्यावा. कांचेच्या तंतूंचें आवरणही तसेंच दिसतें. खरा निर्णय प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शकच देतो. तोंवर तो ॲस्बेस्टॉसच आहे असें धरून चालावें. आवरण अखंड असेल तर त्यास हात लावूं नये. तें झिजलें असेल तर यंत्र क्षणभरही चालवूं नये. कारण दिवा थंड ठेवणारा आंतला पंखाच ती धूळ घरभर उधळील.

धूळ सांडलीच असेल तर मुलांना बाहेर पाठवावें, यंत्राची वीज तोडावी, खोलींतील पंखा बंद करावा. झाडूं नये, फुंकूं नये, घरगुती व्हॅक्यूम लावूं नये. तोंडावरचा रुमाल येथें निरुपयोगी. बारीक धूळ अडविणारा योग्य दर्जाचा मुखवटाच हवा. साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें धूळ हलकेच टिपावी. फडकें दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून वर ठळक अक्षरांत लिहावें; घरच्या कचऱ्यांत टाकूं नये, तर विल्हेवाटीविषयीं प्रदूषण नियंत्रण मंडळास विचारावें. तारा बदलण्याचें काम मात्र जाणत्याचेंच.

एकदां झाकण उघडलें म्हणून भयभीत होण्याचें कारण नाहीं. अपाय वस्तूंत नसून उडणाऱ्या धुळींत आहे. यंत्र कपाटांत शोभेसाठीं सुखेनैव ठेवावें. जुन्या फिल्मा आतां डिजिटल करून घेतां येतात. नातवंडांना आजोबांचीं चित्रें दिसतील आणि त्यांचा श्वासही निर्मळ राहील.